भाऊ, काढू का?

८ सप्टेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. ही मोबाईलमध्येच लिहिणार होतो, त्यासाठी एक छान अ‍ॅपही बघून ठेवलं होतं. ते उतरवायला गेलो तर 'स्टोरेज भरले आहे' असं आलं. म्हणून वही. पहिल्या पानावर नाव-गाव लिहायची पद्धत आहे, म्हणून: वाल्मीक, वय एक्कावन्न, राहणार इंदिरानगर, नाशिक. नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, भांडार विभाग. वही कुणी वाचू नये.

स्टोरेज माझ्यामुळे भरलेलं नाही. फोन माझा, पण आत बिऱ्हाड कंपनीचं. दोन गेम, एक ज्योतिषी, कर्ज देणारे दोघे, आणि एक बातम्यावाला, जो मला रोज सकाळी एका नटीचं वजन कळवतो. यांतल्या कुणालाही मी बोलावलेलं नाही. काढायला जावं तर काढायचं बटणच नाही. 'अक्षम करा' एवढंच असतं. म्हणजे घालवायचं नाही, नुसतं कोपऱ्यात बसवून ठेवायचं.

सुवर्णाला म्हटलं, नवा फोन घेतो. ती म्हणाली, आजपासून पितृपक्ष, नवीन वस्तू घरात येणार नाही. पुढचं दसऱ्याला बघू. ठीक आहे. संकल्प: जे मी ठेवलेलं नाही ते या फोनमध्ये राहणार नाही.

संध्याकाळी जीवनचा फोन. माझा धाकटा भाऊ, चांदवडजवळ गावाकडची शेती बघतो. त्याने विचारलं, 'भाऊ, पाऊस काय म्हणतोय?' मी अ‍ॅपमध्ये बघून सांगितलं. हवामान त्याच्या फोनमध्येही आहे, पण विश्वास माझ्यावर. यंदा कांद्याच्या रानातला तुकडा मोडून तिथे झेंडू लाव, हे मीच सांगितलं. दीपमालाला, म्हणजे त्याच्या बायकोला, ते पटलं नव्हतं. मी म्हटलं, तू फक्त लाव, मी सांगेन तेव्हा काढ आणि इकडे घेऊन ये, विकायचं माझ्यावर सोड. दसऱ्याला इंदिरानगरातली एकूण एक सोसायटी आपल्या फुलांची तोरणं बांधणार. जीवन म्हणाला, 'तू हाय म्हणून करतोय, भाऊ.' हे वाक्य लिहून ठेवण्यासारखं वाटलं.

९ सप्टेंबर, मंगळवार

रूट करणे म्हणजे काय, हे आज समजलं. रूट म्हणजे मूळ. फोन रूट केला की आपण त्याच्या मुळापर्यंत पोहोचतो आणि कंपनीने कोंबलेलं काहीही उपटून फेकू शकतो. तीन व्हिडिओ बघितले. तिन्ही मुलं माझ्यापेक्षा लहान आणि बोलण्यात उद्धट होती, पण विषय सोपा आहे.

कॅन्टीनमध्ये सगळ्यांना समजावून सांगितलं. शेवटपर्यंत सोमनाथ बसला. तो माझ्या शेजारच्या टेबलाचा, सिन्नरकडचा, फोन अगदी माझ्यासारखाच. म्हणाला, 'भाऊ, तुम्ही आधी करा. तुमचं लय मस्त झालं की मग मी.' ऑफिसात मला सगळे भाऊ म्हणतात. सोसायटीतही भाऊ, दूधवाल्याचाही भाऊ. नाशकात त्यासाठी नातं लागत नाही, पण सोमनाथच्या भाऊमध्ये आदर जाणवतो.

१० सप्टेंबर, बुधवार

रजा टाकून रूट केला.

आधी एक कुलूप उघडावं लागतं. त्यावेळी फोन बजावतो की आतलं सगळं पुसलं जाईल. अशा धमक्या असतातच. मी 'होय' दाबलं. आतलं सगळं पुसलं गेलं.

बॅकअप घेतला नव्हता, हे खरं आहे. पण संपर्क, म्हणजे नावं आणि नंबर, इंटरनेटवरून आपोआप परत आले. व्हॉट्सअ‍ॅप आलं, जुनं बोलणं आलं नाही. फोटो थोडे आले, त्यांत निम्मे विजेच्या बिलांचे. मी याला कोरी पाटी म्हणतो.

संध्याकाळी स्क्रीनवर आलं की तुम्हाला सुपरयूजरचे अधिकार मिळाले आहेत. सुवर्णाला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, सुपरयूजर, दळण आणा. गिरणीत पैसे द्यायला बँकेचं अ‍ॅप उघडलं, तर ते म्हणे हा फोन सुरक्षित नाही, इथे मी चालणार नाही. दळण तिथेच ठेवून आलो.

११ सप्टेंबर, गुरुवार

मोहीम सुरू. माझ्या फोनची भाषा मराठी आहे. ऑफिसात असा मी एकटाच. इंग्रजीत फोन ठेवणाऱ्यांना आपण काय काढतोय ते कळत नाही. मला प्रत्येक नावाचा अर्थ कळतो, हा मोठा फायदा.

दोन्ही गेम: काढले.
कर्जवाले: काढले. फार समाधान.
ज्योतिषी: काढला. त्याला हे आधी कळायला हवं होतं.
कंपास: काढला. इंदिरानगरात मला दिशा माहीत आहेत.
घड्याळ: मनगटावर आहे. काढलं.

हवामान ठेवलं. जीवनला लागतं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

एकलहऱ्याची बस चुकली. गजर झाला नाही. गजर घड्याळाच्या आत असतो, हे कंपनीने कुठेही लिहिलेलं नाही. रिक्षाने गेलो. साहेबांना सांगितलं की तांत्रिक काम चालू आहे. ते म्हणाले, कुठल्या युनिटमध्ये?

सोमनाथ दिवसभर कुरकुरत होता. त्याच्या स्क्रीनवर वरून एकसारख्या जाहिराती उतरतात. त्याला म्हटलं, आधी फोन रूट करून घे, मग घाई करू नको, एकेक काढायच्या आधी मला विचार. शिष्याला शिस्त हवी.

घरी आल्यावर आणखी साफसफाई. यादीत 'संपर्क' आहे आणि खाली पुन्हा 'संपर्क संचयन'. एकाच गोष्टीला दोन खोल्या कशाला? दुसरी काढली. मग दिसलं 'दूरध्वनी सेवा'. आपला दूरध्वनी, म्हणजे तो टेबलावरचा, आपण कधीच परत केला, त्याचा डबाही माळ्यावरून गेला. सरकारी काळातलं काहीतरी उरलं असणार. काढून टाकली. फोन एकदम हलका वाटतोय. हातातसुद्धा.

१३ सप्टेंबर, शनिवार

काही किरकोळ बदल झाले आहेत.

एक. संपर्कातली सगळी नावं गेली. यादी उघडली की 'अद्याप कोणीही नाही' असं येतं. एक्कावन्न वर्षांच्या माणसाला हे वाचून कसं वाटतं, ते त्या कंपनीला कधी कळणार नाही.

दोन. फोन लागत नाही आणि येत नाही. दर थोड्या वेळाने एक पाटी येते: 'दूरध्वनी सतत थांबत आहे'. ती बंद केली की पुन्हा येते. तिला 'अभिप्राय पाठवा' असं एक बटण आहे. मी अभिप्राय पाठवला. तो जात नाही.

घरातल्या वायफायवर व्हॉट्सअ‍ॅप चालतं, म्हणजे काम अडलेलं नाही. शिवाय शांतता किती. सुवर्णाने बाजारातून फोन केला होता म्हणे, तीन वेळा. कोथिंबीर राहिली. मी तिला सांगितलं की लोक महाबळेश्वरला जाऊन जी शांतता विकत घेतात ती मी घरी तयार केली. ती म्हणाली, माझा नंबर पाठ आहे का तुम्हाला? मला गावच्या दवाखान्याचा जुना चार आकडी नंबर पाठ आहे, तो सांगितला.

१४ सप्टेंबर, रविवार

आजचा दिवस सत्कारणी लागला.

दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर दोन मेसेज आले, पाठोपाठ. नावं नसल्यामुळे दोन्हीकडे नुसते नंबर. दोघांच्याही डीपीला सप्तशृंगीची देवी. पहिल्यात लिहिलं होतं, 'भाऊ, काढू का? वर लय आलंय.' दुसऱ्यात, 'भाऊ, काढू का थांबू?'

एक सोमनाथ आणि एक जीवन, हे उघडच होतं. सोमनाथला अ‍ॅप काढायची आहेत, जीवनला झेंडू काढायचा आहे. कोणता कोण, एवढाच प्रश्न. इथे दुसरा कुणी गोंधळला असता. मी विचार केला. 'वर लय आलंय' म्हणजे वरून उतरणाऱ्या जाहिराती, म्हणजे सोमनाथ. 'थांबू का' विचारणारा जीवन. शेतकऱ्याला थांबायची सवय असते.

सोमनाथला लिहिलं: 'बिनधास्त काढ. सगळं. मोठं, बारीक काही ठेवू नको. वरवर काढून उपयोग नाही, परत येतं. मुळापासून काढ.' त्याने विचारलं, 'मुळापासून? नक्की?' मी लिहिलं, 'नक्की. हात थरथरू देऊ नको. मी आहे ना.'

जीवनला लिहिलं: 'थांब. आत्ता पितृपक्षात काढून कोण विचारतो? नवरात्र बसलं की मी सांगतो. तोवर रोज थोडं पाणी मारत जा.' त्याचं उत्तर आलं, 'पाणी कशाला?' शेतीत जन्म गेला आणि हे विचारतो. मी लिहिलं, 'सुकू नये म्हणून.' मग बराच वेळ 'टाइप करत आहे' दिसत राहिलं, पण मेसेज आला नाही. विचारात पडला असेल.

एका दिवसात दोन माणसांना मार्गी लावलं. फोन नीट असला की माणूस किती उपयोगी पडतो.

१५ सप्टेंबर, सोमवार

सकाळी वॉचमन वर आला. खाली पिकअप उभी आहे, गेट अडलंय, तुमचं नाव सांगतात.

खाली जीवन. पिकअपमध्ये झेंडू. काठोकाठ. फुललेला, अर्धा उमललेला, नुसत्या कळ्या, आणि बाजूला मुळ्यांसकट उपटलेली झाडं, मातीचे गड्डे तसेच. जीवनच्या डोळ्यांत झोप नव्हती. म्हणाला, 'भाऊ, तू म्हणला मुळापासून. म्हणलं पाऊस तसाच मोठा दिसत आसंल. वर लय आभाळ आलं होतं. फोन लय लावला, लागंना.'

वर बघितलं. आभाळ निरभ्र होतं, इतकं की कुणी पुसून घेतल्यासारखं.

मी काय बोललो ते मला आठवतं, पण लिहिताना बरं वाटत नाही. मी म्हटलं, अंदाज तसाच होता, पाऊस दुसरीकडे वळला. तो म्हणाला, 'वळला आसंल.' आणि पोती उतरवायला लागला. पोतं खांद्यावर घेताना त्याने पुन्हा विचारलं, 'पण पितृपक्षात कोन घेईल, भाऊ?' मी म्हटलं, बघतो.

फुलबाजारात गेलो. तिथल्या माणसाने पोत्यात हात घालून कळ्या बघितल्या आणि मला विचारलं, तुमचं आणि शेतकऱ्याचं काही भांडण आहे का?

फुलं परत घरी. बाल्कनी भरली, न्हाणीघर भरलं, जिन्यातही ठेवली. दुपारी समोरच्या लताबाई पांढरी साडी नेसून आल्या आणि सुवर्णाचा हात धरून गप्प बसल्या. मी आतून चहा घेऊन आलो तशा त्या दचकून उभ्या राहिल्या. मग खालच्या मजल्यावरचे दोघे आले, चपला दाराबाहेर काढून. दारात एवढा झेंडू बघून सगळ्यांना तेच वाटलं. सुवर्णा प्रत्येकाला सांगत होती, नाही, नाही, आहेत.

संध्याकाळी सोमनाथ आला. फोन लागत नाही आणि ऑफिसलाही नाही, म्हणून काळजीने आला होता. जीवन समोर बसलेला. मी सोमनाथला डोळ्यांनी खुणावत होतो, पण त्याला तेवढं कळत नाही. तो म्हणाला, 'भाऊ, तुम्ही थांब म्हणालात म्हणून वाचलो. मी ते 'फोन सर्व्हिसेस' काढणारच होतो. भाच्याने सांगितलं, काढलं असतं तर फोनच गेला असता. फक्त ते पाणी मारायचं मला समजलं नाही. बायको म्हणाली ओल्या फडक्याने पुसून बघा, तसं पुसलं.'

जीवनने आधी सोमनाथकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग खिशातून स्वतःचा फोन काढून माझा मेसेज पुन्हा वाचला. सावकाश, ओठ हलवत. मग फोन ठेवला आणि चहा संपवला.

तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने ताडपत्रीची घडी घातली, सुवर्णाला 'येतो वहिनी' म्हणाला आणि निघाला. मी खाली गेलो. गाडी सुरू करताना एवढंच म्हणाला, 'दीपमालानं निम्मं रान राखलंय. ती म्हणली, भाऊजींच्या मेसेजवर मी झाडं उपटू देणार नाय.' मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. लाज वाटली.

१६ सप्टेंबर, मंगळवार

दोष कंपनीचा आहे, हे आज शांत डोक्याने विचार केल्यावर स्पष्ट झालं. 'दूरध्वनी' हा शब्द कुणी वापरतं का? साधं 'फोन' लिहिलं असतं तर मी हात लावला असता का? कंपनीला खरमरीत मेल लिहायचा आहे. आधी मेलचं अ‍ॅप परत आणायला हवं, तेही साफसफाईत गेलं होतं.

पिशव्या भरून फुलं एकलहऱ्याला नेली. बसमध्ये सगळ्यांनी विचारलं, निरोप समारंभ कुणाचा? सोमनाथने दोन पिशव्या घेतल्या. बाकीच्यांनी पितृपक्ष आहे म्हणून हात लावला नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

फोन स्वतः दुरुस्त करायला घेतला. व्हिडिओतल्या मुलाने एक फाईल टाकायला सांगितली, ती टाकली. फोन आता कंपनीच्या नावापुढे जात नाही. नाव येतं, चमकतं, जातं, पुन्हा येतं. हा प्रकार दोन तास बघितला.

एक मात्र नोंदवून ठेवतो. नको असलेलं एकही अ‍ॅप आता फोनमध्ये नाही. संकल्प पूर्ण झाला.

बाल्कनीतली फुलं काळी पडायला लागली. सुवर्णाने एकटीने पाच पोती खतासाठी खालच्या बागेत टाकली. मी मदतीला गेलो तर म्हणाली, राहू द्या.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

राजीवनगरच्या कुंदनच्या दुकानात फोन दिला. त्याने मुळातलं सगळं पुन्हा भरून दिलं. दोन्ही गेम आले, कर्जवाले आले, ज्योतिषी आला. त्यांच्याबरोबर एक नवीन आहे, लग्न जुळवणारा. नावं-नंबर मात्र जेवढे इंटरनेटवर होते तेवढे सगळे आले. फोन लागतो आणि येतो.

जीवनला फोन लावला. रिंग गेली. उचलला नाही. रानात असेल.

२० सप्टेंबर, शनिवार

जीवनचा फोन नाही. चांदवडकडे नेटवर्कचा त्रास आहे.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री अमावास्या

नेटवर्कचा त्रास अजून आहे. त्याच्या अंगणात टॉवर आहे, पण टॉवरच्या अगदी खाली नेटवर्क येत नाही असं कुठेतरी वाचलं होतं.

आजचा हवामानाचा अंदाज मी न विचारताच पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. म्हणजे वाचला.

२२ सप्टेंबर, सोमवार. घट बसले

संध्याकाळी स्वयंपाकघरातून सुवर्णाचा आवाज. कुणाला तरी सांगत होती, 'नाही हो, इकडे कोरडं आहे. उद्या सकाळी पुन्हा बघून सांगते.' मी विचारलं कोण. म्हणाली, जीवनभाऊजी, पावसाचं विचारत होते. मी म्हटलं, तुझ्याकडे तर हवामानाचं अ‍ॅपच नाही. म्हणाली, खिडकी आहे.

मी माझ्या खोलीत जाऊन हवामान बघितलं. उद्या वीस टक्के. सांगायला कुणी नव्हतं. मग सोमनाथला पाठवलं. त्याने अंगठा पाठवला.

नुसतं पावसाचं विचारायला तो मला फोन करायचा, असं मी इतकी वर्षं समजत होतो. जेवला का, सुवर्णावहिनी कशी आहे, हे तो पावसानंतर विचारायचा आणि मी घाईत 'हो हो' म्हणायचो. आता ते सगळं सुवर्णाला विचारलं जातं. वाईट वाटलं. बराच वेळ वाटत होतं.

२७ सप्टेंबर, शनिवार

जीवनला मेसेज लिहिला. पहिला मसुदा मोठा झाला, त्यात कंपनीचा उल्लेख चार वेळा होता. तो काढला. दुसऱ्यात मराठी भाषांतराच्या दर्जाबद्दल लिहिलं होतं. तोही काढला. शेवटी पाठवलं: 'जीवन, चूक माझी होती. मी दुसऱ्याला लिहायचं ते तुला लिहिलं, आणि तोंडावर पावसाचं खोटं सांगितलं.' पाठवण्याआधी नंबर तीन वेळा तपासला.

रात्री जेवताना उत्तर आलं: 'माहीत हाय भाऊ.' पुढे काही नाही. मी ते सुवर्णाला दाखवलं. तिने वाचलं आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

१ ऑक्टोबर, बुधवार

उद्या दसरा. सुवर्णाकडून कळलं की जीवन आणि दीपमाला उरलेल्या रानातली फुलं घेऊन येताहेत. इंदिरानगरात कुठे उभं राहायचं, हे त्यांनी सुवर्णाला विचारून ठरवलं. जॉगिंग ट्रॅकच्या कोपऱ्यावर. मी विचारलं, मला का नाही विचारलं? मी इथे अठरा वर्षं राहतो. सुवर्णा म्हणाली, मीपण तितकीच राहते.

उद्याची योजना: सकाळी सगळ्यात आधी पोहोचायचं. भाव मी बोलायचा, कारण सोसायटीतले लोक मला ओळखतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फुलांचे फोटो टाकायचे, ग्रुप करायचा, ऑर्डर घ्यायच्या. पैसे घ्यायचा कोड माझ्या फोनवर ठेवायचा. दीपमालाने हार करावेत, जीवनने पोती उघडावीत. गेल्या महिन्याचं सगळं नुकसान एका सकाळीत भरून काढायचं आहे. मोबाईल पूर्ण चार्ज केला.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

पोहोचलो तेव्हा सहा वाजले होते आणि विक्री सुरू झालेली होती. दीपमाला ताडपत्रीवर बसून तोरणं ओवत होती, समोर पिवळ्या-केशरी फुलांचा ढीग. फुलं मोठी, घट्ट, एकसारखी. इतकी चांगली फुलं मी बाजारात बघितली नव्हती, हे प्रामाणिकपणे लिहितो. जीवन मापं घालत होता. पैसे घ्यायचा कोड दीपमालाने पुठ्ठ्यावर चिकटवून उभा केला होता.

मी म्हटलं, आता मी आलोय, सांगा काय करू. जीवनने माझ्याकडे बघितलं. चांदवडहून निघायला ते पहाटे उठले असणार, पण तो ताजातवाना दिसत होता. म्हणाला, 'भाऊ, तू ह्या पिशव्या धर. तोंड उघडून धर.' मी म्हटलं, भावाचं कसं ठेवलंय? म्हणाला, 'ठेवलंय.'

मी पिशव्या धरल्या. तो फुलं ओतायचा, मी पिशवी पुढे करायचो. एकदा मी खिशातून फोन काढला, हवामान बघावं म्हणून, तर पिशवी मिटली आणि फुलं रस्त्यावर सांडली. दीपमालाने ती गोळा केली. मी फोन पुन्हा खिशात ठेवला आणि नंतर काढला नाही. गर्दी वाढली. मधे एकदा जीवनने न बघता पाण्याची बाटली माझ्याकडे दिली, मी प्यायलो, आणि तीच परत घेऊन तो स्वतः प्यायला. लहानपणी आम्ही असंच करायचो. मला फार बरं वाटलं.

आठच्या सुमारास पलीकडच्या सोसायटीतल्या एक बाई आल्या. मोठं गिऱ्हाईक, सगळ्या इमारतीची तोरणं हवी होती. मी पुढे होऊन त्यांना झेंडूच्या जातींबद्दल सांगायला लागलो. त्या मागे सरकल्या आणि जीवनला विचारलं, हे कोण?

जीवन फुलं मोजत होता. वर न बघता म्हणाला, 'घरचेच हायेत, ताई. काही करत नाय ते.'

बाई हसल्या. तरीही त्यांनी पिशवी दीपमालाच्या हातूनच घेतली.